सही कुणाची?

ह्यांनी चाळीस-बेचाळीस वर्षे लोकांचे फोटो काढले. पण आपल्या एकाही फोटोवर कधी सही केली नाही. मागच्या बाजूला स्टुडिओचा रबरी शिक्का मारायचा, नोंदवहीत नंबर टाकायचा आणि पाकीट गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, एवढाच त्यांचा रिवाज. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "सही चेकवर करतात. फोटो ज्याचा त्याचा." त्यांच्या पश्चात चार वर्षांनी त्यांच्याच फोटोंवर त्यांची सही करायला मी पेन घेऊन बसेन, असे कुणी सांगितले असते तर मी हसले असते. आणि ती सही करायला मला पत्त्यांनी सांगितले, हे ऐकून तर हेही हसले असते.

आमचे गाव कामठी. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी, इंग्रजांनी १८२१ साली वसवलेली लष्कराची छावणी. छावणीच्या गावात फोटोग्राफर उपाशी राहत नाही. नव्या वर्दीतला जवान घरी आईला पाठवायला फोटो काढून घेई. विणकरांच्या मोहल्ल्यातून लग्नाच्या मुली येत, विडी वळणाऱ्या बाया ओळखपत्रासाठी येत. रात्री-अपरात्री कुणी दार वाजवले की समजायचे, मयताचा शेवटचा फोटो काढायचा आहे. हे सारे पोटासाठी. मनासाठी म्हणून रविवारी सकाळी हे कॅमेरा घेऊन नदीवर जात. वाळूतल्या डांगरवाड्या, पुलावरून जाणारी मालगाडी, मागावर बसलेला म्हातारा, असे काहीबाही काढत. रात्री डार्करूममध्ये लाल दिव्याखाली त्याचे मोठे प्रिंट करत, वाळवत आणि खोक्यात ठेवून देत. घरच्या भिंतीवर त्यातला एकही कधी लागला नाही.

२०१९ साली हे गेले. मुलगी पुण्यात. स्टुडिओचे शटर खाली. सकाळ कशीबशी जायची; पण दिवेलागणीला घर अंगावर यायचे. अशा वेळी शेजारच्या सुनेने मला नागपूरला एका टॅरोच्या वर्गाला नेले. "काकू, तिथे चार माणसं भेटतात, तेवढंच तुमचं मन रमेल," ती म्हणाली. मन रमवायचेच होते, तर भजनी मंडळ काय वाईट होते, असे तुम्ही म्हणाल. पण भजनी मंडळात सगळ्यांना माझे सगळे ठाऊक होते. इथे मी नवी होते.

२०२३ च्या जानेवारीपासून मी दर शनिवारी जाऊ लागले. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ऑटो, तिथून मेट्रोने सीताबर्डी, पुढे गाडी बदलून शंकरनगर. एका मोठ्या फ्लॅटच्या बैठकीत आम्ही दहा-बाराजण जमत असू. एक निवृत्त बँक अधिकारी, मुलगा परदेशी असलेली एक बाई, दोनदा नीट परीक्षा देऊन थकलेली एक मुलगी, बायको गेलेला एक ठेकेदार. मध्ये मखमली कापड, त्यावर पत्ते. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'मॅडम' म्हणत. चहा उत्तम असे. आणि प्रत्येकाचे बोलणे सगळे शेवटपर्यंत ऐकून घेत. माझ्या वयाच्या बाईचे शेवटपर्यंत ऐकून घेणारी जागा फार ठिकाणी नसते, हे मी आधीच कबूल करते.

पत्त्याच्या कोपऱ्यातली खूण

भविष्य सांगणारे आपल्याला नवे नाहीत. पहाटे डमरू वाजवत येणारा पिंगळा, कुडमुड्या जोशी, मान हलवणारा नंदीबैल, पिंजऱ्यातून बाहेर येऊन चोचीने चिठ्ठी काढणारा पोपट हे सगळे आमच्या लहानपणी दारावर येत. आमच्याच विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. ते दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते. टॅरो हा त्या पोपटाचाच परदेशातला भाऊ. फरक इतकाच की इथे चिठ्ठी आपल्याला स्वतः काढावी लागते.

पत्ते एकूण ७८. त्यांतले २२ मोठे, म्हणजे राजा, जोगी, चंद्र, सूर्य, मृत्यू अशा चित्रांचे. बाकीचे ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे: पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. वर्गात सांगत की ही विद्या प्राचीन इजिप्तची. घरी येऊन मुलीला फोनवर विचारले, तर तिने शोधून वेगळेच सांगितले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निव्वळ खेळायला निघाले. त्यांत गूढ ज्ञान दडले आहे, ही कल्पना अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली. तिथल्या एका विद्वानाने १७८१ साली इजिप्तचे नाव घेतले. तेव्हा खुद्द इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचता येत नव्हती.

मला त्या पत्त्यांत धरून ठेवले ते भविष्याने नाही, चित्रांनी. फोटोग्राफरच्या बायकोची नजर कोपऱ्यांकडे जाते. कडा कापली आहे का, बोटाचा ठसा उमटला आहे का, हे बघण्याची सवय लागलेली. एका शनिवारी माझ्या लक्षात आले की प्रत्येक पत्त्याच्या तळाशी, एका बाजूला, सापासारखी वळलेली एक बारीक खूण आहे. मॅडमना विचारले. "असेल काहीतरी गूढ चिन्ह," त्या म्हणाल्या.

ते चिन्ह म्हणजे सही होती. पामेला कोलमन स्मिथ या बाईची, तिच्या नावाची तीन आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली. १८७८ साली लंडनला जन्मलेली ही चित्रकर्ती. १९०९ साली आर्थर वेट नावाच्या गूढविद्येच्या अभ्यासकाने तिच्याकडून हा सगळा जोड काढून घेतला. काही महिन्यांत तिने सुमारे ऐंशी चित्रे काढली. त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कला एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात तिने कळवले होते, की मोठे काम केले, पण पैसे फार थोडे मिळाले. हा स्नेही म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. हे नाव मी ह्यांच्या तोंडून ऐकलेले होते, कारण फोटोला चित्राच्या बरोबरीचा मान मिळावा म्हणून जन्मभर भांडलेला हा फोटोग्राफर. फोटोंसाठीच काढलेल्या आपल्या छोट्या दालनात त्याने १९०७ साली पहिल्यांदा फोटोंव्यतिरिक्त दुसरे काही लावले, ते पामेलाची चित्रे. तिच्या काही चित्रांचे प्लॅटिनम प्रिंटही त्याने काढले होते.

पत्त्यांचा हा जोड जगभर पसरला. तो ओळखला गेला तो मात्र रायडर या प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने. चित्रे जिने काढली तिचे नाव गळले. १९५१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात ती कर्जातच वारली. अलीकडे कुठे काही आवृत्त्यांवर तिचे नाव येऊ लागले आहे. मधल्या काळात तिचे नाव टिकवले ते त्या कोपऱ्यातल्या खुणेने. कोट्यवधी पत्ते पिसले गेले, वाटले गेले आणि प्रत्येक पत्त्यावर ती सही होती. बघणाऱ्यांना ते गूढ चिन्ह वाटले.

भूत फोटोत कसे येते

वर्गात दुसरीही एक गोष्ट चाले, ती फोटोवरून सांगण्याची. गेलेल्या माणसाचा फोटो आणायचा. मॅडम तो दोन्ही तळहातांत धरून डोळे मिटत आणि तो माणूस आता काय म्हणतो आहे ते सांगत. ठेकेदारांच्या पत्नीने सांगितले, "औषधं वेळेवर घ्या." ते गृहस्थ लहान मुलासारखे रडले. मीही रडले. खोटे कशाला सांगू?

हे वेडही जुने आहे. आपल्याकडे मुंबईच्या वि. द. ऋषी यांनी पत्नीच्या निधनानंतर परलोकविद्येला वाहून घेतले होते, आणि पाटावर वाटी उपडी ठेवून प्लँचेट करण्याचा नाद एके काळी अनेक मराठी घरांत होता. अमेरिकेत तर त्यात फोटोग्राफरही उतरले. १८६० च्या दशकाच्या आरंभी बोस्टनमधल्या विल्यम मम्लर नावाच्या कारागिराने काढलेल्या फोटोंत बसलेल्या माणसामागे धूसर आकृत्या उमटू लागल्या. तिकडे यादवी युद्धात घरटी माणसे मेलेली. लोक रांगा लावून आले. पुढे त्यातल्या काही 'आत्म्यां'ना बोस्टनमध्येच हिंडता-फिरताना लोकांनी ओळखले. १८६९ साली न्यूयॉर्कला त्याच्यावर खटला झाला. पुरावा अपुरा म्हणून तो सुटला. त्यानंतरही, खून झालेल्या अध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीने त्याच्याकडे जाऊन फोटो काढून घेतला, आणि त्यात मागे लिंकन उभे 'आले'.

फोटोत भूत कसे येते, हे मला लग्नानंतर सहा महिन्यांतच ठाऊक झाले होते. आमच्या स्टुडिओत हौशी पोरांना 'डबल रोल' काढून हवा असे. भिंगाची अर्धी बाजू काळ्या कागदाने झाकायची, मुलाला एका खुर्चीवर बसवून फोटो घ्यायचा. मग दुसरी बाजू झाकून त्यालाच दुसऱ्या खुर्चीवर बसवून त्याच फिल्मवर पुन्हा घ्यायचा. एकच मुलगा स्वतःशी हस्तांदोलन करताना दिसे. कुटुंबाच्या फोटोत वारलेले वडील बसवून द्या, अशीही मागणी येई. हे जुन्या फोटोतून वडिलांना घेऊन मधल्या मोकळ्या खुर्चीवर असे बसवत, की सुना पदर सावरून बघत.

मग मम्लरने वेगळे काय केले? ह्यांनी वडिलांना खुर्चीवर बसवले, तेव्हा तिथे हात माझा आहे, हे गिऱ्हाइकाला माहीत होते. त्याच्या देखत झालेली ती कारागिरी होती. मम्लरने आपला हात लपवला आणि आत्म्याचे नाव पुढे केले.

हे आज मी इतके नीट सांगते आहे. तेव्हा डोळे पुसत मी पुढच्या शनिवारी न्यायला ह्यांचे फोटो शोधत होते.

जोडीचे पान

त्याच उन्हाळ्यात एक विचारणा आली. नागपूरला नव्या हॉटेलची सजावट करणाऱ्या एका गृहस्थांना जुन्या कामठीचे काळे-पांढरे फोटो हवे होते. ह्यांचे खोके बघून ते हरखले. बावीस फोटो त्यांनी बाजूला काढले. सोळा ह्यांनी स्वतः केलेले जुने प्रिंट. सहांचे प्रिंट नव्हते, ते निगेटिव्हवरून करून घ्यायचे. मग म्हणाले, "यांवर सही नाही? सही असती तर भाव वेगळा झाला असता." आणि जाता जाता, अगदी सहज, "घरात जुनी सही असेलच की कुठे. बघा."

भावातला फरक लहान नव्हता. घराचे छत दोन पावसाळ्यांपासून गळत होते.

शनिवारी मी पाच-सहा प्रिंट घेऊन वर्गाला गेले. मॅडमनी एकेक हातात घेतला. एका फोटोवर त्या थांबल्या. उंबऱ्याशी बसून विडी वळणारी म्हातारी, मांडीवर सूप, त्यातल्या पानांवरून उसळलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर. खरोखर बावीसांतला सर्वांत सुंदर फोटो तो. "यात त्यांचा जीव आहे," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या. "बटण दाबतानाचा त्यांचा श्वास मला ऐकू येतोय." मी सहीचे सांगितले. त्यांनी मला पत्ता काढायला लावला. पान निघाले ते जोडीचे: बाई, पुरुष आणि वर पंख पसरलेला देवदूत. "बघा! ते म्हणताहेत, तू आणि मी वेगळे नाही. तुझा हात तो माझाच हात. सही कर." सगळ्यांनी माना डोलावल्या. परदेशी मुलगा असलेल्या बाईंनी माझा हात हातात घेतला.

त्या रात्री मी जुनी बिले काढली. ह्यांची सही सोपी. पहिले अक्षर मोठे, शेवटी खाली एक झटका. वर्तमानपत्राच्या कडेवर गिरवून बघितली. पाचव्या-सहाव्या वेळेला अशी जमली, की माझीच मला भीती वाटली. चाळीस वर्षे एका घरात राहिल्यावर हाताला हातही शिकता येतो.

पण सही म्हटली की खाली साल हवे. साल बघायला मी नोंदवह्या काढल्या. ह्यांच्या नोंदवहीत एक रकाना 'कोणी काढला' असा असे. स्टुडिओत चौदा वर्षांचा असताना आलेला एक पोरगा होता. आधी झाडलोट, मग हायपोच्या ट्रे धुणे, मग हळूहळू कॅमेरा. त्याने काढलेल्या रोलमागे हे त्याला पाच रुपये जास्त देत, म्हणून तो रकाना. विडीवाल्या म्हातारीच्या निगेटिव्हपुढे १९८६ सालचा पावसाळा होता आणि त्या पोराची आद्याक्षरे होती. मला आठवले. तो अख्खा महिना हे विषमज्वराने अंथरुणाला खिळलेले होते. स्टुडिओ त्या पोराने सांभाळला होता.

नोंदवही खाली खाली बघत गेले. बावीसांपैकी तीन फोटो त्याचे निघाले.

एवढे लिहून द्या

पुढच्या शनिवारी मी नोंदवही घेऊन गेले. भांडायला नाही. मला खरेच वाटत होते की मॅडम चपापतील, 'चुकले' म्हणतील आणि आम्ही पुन्हा चहा घेऊ. त्या शांतपणे म्हणाल्या, "पत्ते नेहमी शब्दशः बोलत नाहीत. त्या मुलाच्या हातूनही तेच बघत होते."

मी पर्समधून वही काढली. म्हटले, "मॅडम, मग एवढे लिहून द्या, की ह्यांनी सही करायला सांगितले. तारीख घाला आणि खाली तुमची सही करा."

"कशाला?"

"उद्या कुणी विचारले तर दाखवीन."

त्या हसल्या. "असं लिहून देत नसतात हो. ती ऊर्जा असते. कागदावर येत नाही."

माझ्या मनातली गाठ तिथे सुटली. ह्यांच्या नावाने मी सही करावी, असे त्या म्हणत होत्या. त्याखाली स्वतःचे नाव घालायची मात्र त्यांची तयारी नव्हती.

लिहून घ्यायचे म्हटले की भविष्य कसे अडते, याची एक मोठी परीक्षा महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह, दोनशे मुलांच्या जन्मवेळा घेतल्या. शंभर हुशार, शंभर मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि विचारले, यांतली कोणती कुठल्या गटातली ते लिहून कळवा. एक्कावन्नजणांनी तयारी दाखवली, उत्तरे पाठवली ती सत्तावीसजणांनी. सर्वांत चांगला निकाल चाळिसांत चोवीस. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. नाणे उडवले असते तरी तेवढेच जमले असते. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. त्या मागणीमागे जसे ते, तसेच नागपूरहून १९८२ पासून काम करणारे श्याम मानव होते. पत्ते बघणे हा काही त्या कायद्याने गुन्हा होत नाही, आणि व्हावा असेही मला वाटत नाही. मला फक्त कागदावर दोन ओळी हव्या होत्या.

मऊ पेन्सिल

पुण्याला मुलीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी मला कायदा समजावून दिला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पैसे देऊन गिऱ्हाइकाने काढून घेतला, तर सामान्यतः मालकी गिऱ्हाइकाची. नोकरीतल्या माणसाने नोकरीचे काम म्हणून काढला, तर मालकी धन्याची. पण मालकी कुणाचीही असो, 'हे काम माझे' असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. म्हणजे म्हातारीचा फोटो विकायला मी मोकळी होते. त्यावर दुसऱ्याचे नाव घालायला नव्हते.

नावांची ही अदलाबदल घराघरांत झालेली आहे. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो मुंबईत छापून आले ते त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने, कारण त्यांचे स्वतःचे नाव कुणाला ठाऊक नव्हते आणि त्यातून त्या बाई. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. तिथे बायकोच्या कामावर नवऱ्याचे नाव पडले. इथे मी नवऱ्याच्या नावाखाली नोकराचे काम घालायला निघाले होते.

मेलेल्या माणसाच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढला तर काय लिहावे, याचाही पायंडा आहे. अमेरिकेतले एडवर्ड वेस्टन १९५८ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मुलगा कोल त्यांच्या निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिला. प्रिंटच्या मागे तो स्पष्ट करी: निगेटिव्ह वडिलांची, प्रिंट माझा. बापाची सही त्याला येत नसेल असे थोडेच आहे?

आम्हीही तसेच केले. आमचा तो पोरगा आता साठीला आला आहे. झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचे त्याचे लहानसे दुकान आहे. त्याला घरी बोलावले, म्हातारीचा फोटो पुढे ठेवला. कितीतरी वेळ तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "दादा त्या वक्ती दवाखान्यात होते. ही फातिमाबुआ... नाही, नाव विसरलो मी बुढीचं." मी म्हटले, सही कर.

"मी काय सही करू जी वहिनी? मी तं बटन दाबलं फक्त."

"दादांनीही जन्मभर बटणच दाबले," मी म्हटले.

त्यानेच मला रीत सांगितली. प्रिंट पालथा काचेवर ठेवायचा, म्हणजे दाब उमटत नाही. मऊ पेन्सिल घ्यायची आणि कडेला, पांढऱ्या पट्टीच्या मागे, हलक्या हाताने लिहायचे. बॉलपेन कधी नाही. त्याची रेघ पुढे फुगून दिसते. जुन्या कागदावर पेन्सिल बसते, प्लॅस्टिकचा लेप असलेल्या नव्या कागदावर बसत नाही, तिथे न पसरणाऱ्या शाईचे वेगळे पेन लागते. हे सगळे सांगताना त्याचा हात स्थिर होता. स्वतःचे नाव लिहिताना तो थरथरला.

सोळा जुन्या प्रिंटांपैकी त्याचे तीन. त्यांवर त्याची सही. ह्यांच्या तेरांवर मी लिहिले: फोटो आणि प्रिंट ह्यांचा, गाव कामठी, साल अमुक; नोंद माझी. सहा नव्यांवर: निगेटिव्ह ह्यांची, प्रिंट २०२३, नागपूर, नोंद माझी. खाली सही माझी, माझ्याच नावाची.

सजावटवाल्या गृहस्थांनी मागची बाजू वाचली आणि भाव उतरवला. बावीसांतले अकराच घेतले. गंमत अशी, की खुद्द काढणाऱ्याची सही असलेले तीन त्यांनी चढ्या भावाने घेतले. ते पैसे ज्याचे त्याला दिले. माझ्या वाट्याच्या पैशांत अर्धे छत झाले. उरलेल्या अर्ध्याखाली पावसाळ्यात बादली असते.

वर्ग मी सोडला. राग धरून नाही. मॅडमनी माझ्या दुःखाशी खेळ केला असे मला वाटत नाही. त्यांना स्वतःलाच ते सारे खरे वाटत असावे. पण तिथले लोक सुटले नाहीत. ठेकेदार, बँकवाले आणि त्या परदेशी मुलाच्या आई आता महिन्यातून एकदा कामठीला येतात. येताना घरचे अल्बम आणतात. काचेवर फोटो पालथे घालून आम्ही मागे लिहितो: हे कोण, कुठे, साल कुठले, फोटो कुणी काढला. आठवत नसेल तिथे रिकामी जागा ठेवतो. मागच्या खेपेला ठेकेदारांनी पत्नीचा फोटो काढला, बराच वेळ पेन्सिल धरून बसले आणि मग लिहिले, "फोटो मी काढला. ती पापण्या मिटू नका म्हणत होती, मीच मिटल्या."

आम्ही सगळे हसलो. त्यांनी खाली तारीख घातली आणि सही केली.